प्री-मेडची चार वर्षं

महाराष्ट्रात डॉक्टर व्हायचं म्हणजे बारावी आणि नीट. एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी आणि त्या यादीतल्या क्रमांकावर ठरणारं कॉलेज. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांच्या मनात वैद्यकीय प्रवेशाचं हेच चित्र घट्ट बसलेलं असतं. मुलगा किंवा मुलगी इथल्या कॉलेजात प्री-मेड म्हणून दाखल झाली की ते तेच चित्र मनात धरून सल्ले देऊ लागतात. हेतू चांगला असतो, खर्चाची तयारी असते, पण सल्ला चुकतो. इथलं मेडिकल स्कूल चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होतं, आणि प्रवेश समिती एका दिवसाच्या गुणांवर निर्णय देत नाही. ती तुमची कॉलेजातली वर्षं पान पान उलटून पाहते. कोणते विषय घेतले, ते कसे पेलले, आजारी माणसांजवळ किती वेळ घालवला, त्यातून काय उमगलं, तुमच्याबद्दल दुसरे काय लिहितात, हे सगळं ती पाहते. ही वर्षं कशी लावायची ते या लेखात सांगायचं आहे. बोलतोय तो विद्यार्थ्यांशीच, पण आईवडिलांनीही वाचावं असं बरंच त्यात आहे.

प्री-मेड ही काही शाखा नव्हे. बहुतेक कॉलेजांत त्या नावाची पदवीच नसते. तुम्ही जीवशास्त्रात पदवी घ्या, इतिहासात घ्या, संगीतात घ्या. मेडिकल स्कूलला हवे असलेले विषय सोबत पूर्ण केले की झालं. हे विषय जवळपास सगळीकडे सारखे असतात. जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स हे चार विषय प्रत्येकी एक वर्ष, प्रयोगशाळेसह. त्याशिवाय बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, इंग्रजी लेखनाचे एक-दोन कोर्स, आणि बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र. स्कूलनुसार बारीक फरक असतात. ते पाहण्यासाठी एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची राष्ट्रीय संघटना एमएसएआर नावाची माहितीसूची चालवते. थोडी वर्गणी भरावी लागते, पण कुठल्याही खाजगी सल्लागारापेक्षा ती स्वस्त आणि खात्रीची आहे. दुसऱ्या वर्षाच्या आधीच ती एकदा नीट वाचून काढा.

शाखा निवडताना आपल्या घरांमध्ये बायॉलॉजी आणि न्यूरोसायन्सच्या पलीकडे सहसा कोणी बघत नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य अशा विषयांतून अर्ज करणारे संख्येने थोडे असतात, पण त्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण जीवशास्त्रवाल्यांहून कमी नाही. एएएमसीच्या आकडेवारीत ते बहुधा थोडं जास्तच दिसतं. म्हणून जो विषय चार वर्षं मनापासून वाचता येईल तो घ्या. त्यात गुणही बरे पडतात, आणि मुलाखतीत त्याबद्दल बोलताना चेहऱ्यावर कंटाळा दिसत नाही.

हायस्कूलमधून आलेल्या दोन गोष्टी इथे तपासून घ्याव्यात. पहिली एपीची, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सची. एपी केमिस्ट्रीत पाच गुण मिळाले म्हणून कॉलेजने तुम्हाला पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीतून सूट दिली तरी अनेक मेडिकल स्कूल ती सूट मान्य करत नाहीत, किंवा त्याच विषयाचा वरचा कोर्स घ्यायला सांगतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आणि कमी जणांना ठाऊक असलेली. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले कोर्ससुद्धा कॉलेजच्या जीपीएत कायमचे मोजले जातात. पंधराव्या वर्षी ‘सहज घेऊन बघूया’ म्हणून घेतलेल्या कॅल्क्युलसमधला सी सहा वर्षांनी अर्जावर येऊन बसतो. तुमची धाकटी भावंडं त्या वयात असतील तर त्यांना हे आजच सांगा.

गुणांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. चारपैकी मोजल्या जाणाऱ्या जीपीएत, एमडी स्कूलमध्ये दाखल होणाऱ्यांची सरासरी गेल्या काही वर्षांत ३.७५ च्या वर राहिली आहे. दरवर्षी ५० हजारांहून अधिक अर्जदार असतात आणि जागा २३ हजारांच्या आसपास. म्हणजे अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या वर्षी एमडीला कुठेच प्रवेश मिळत नाही. हे घाबरवायला सांगत नाही. पहिलं सेमिस्टर हलक्यात घेऊ नका, एवढंच त्यातून घ्यायचं. ॲमकॅस या मध्यवर्ती अर्जपद्धतीत सगळे गुण धरले जातात. कोर्स पुन्हा घेऊन ए मिळवला तरी पहिल्या वेळचा सी पुसला जात नाही, दोन्ही मोजले जातात. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीएही काढला जातो, त्यामुळे सोप्या विषयांनी सरासरी वर ढकलण्याचा उपाय फार दूर नेत नाही.

बहुतेकांची परीक्षा पाहते ती ऑरगॅनिक केमिस्ट्री. हायस्कूलमध्ये पाठांतरावर निभावून नेलेली हुशार मुलं इथे अडखळतात, कारण शेकडो रिॲक्शन पाठ करून हा विषय येत नाही. इलेक्ट्रॉन कुठून कुठे का जातात, हे रोज कागदावर हाताने काढून बघावं लागतं. आठवड्याच्या शेवटी एकदम सहा तास बसण्यापेक्षा रोजचा एक तास इथे अधिक कामाचा. आणि प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा. आपल्या मुलांना यात कमीपणा वाटतो. शंका विचारली तर येत नाही असं दिसेल, अशी भीती असते. प्रत्यक्षात जे दर आठवड्याला जातात त्यांचे गुण सुधारतात, शिवाय पुढे ज्याला शिफारसपत्र मागायचं तो प्राध्यापक त्यांना नावाने ओळखू लागतो. चारशे मुलांच्या वर्गात दुसऱ्या कुठल्याही मार्गाने हे होत नाही. एखादं सेमिस्टर बिघडलंच तर पुढची सेमिस्टर त्यापेक्षा हलकी घेऊन स्थिर करा. चढत गेलेला आलेख समितीला दिसतो आणि तिला तो आवडतो. ऑरगॅनिक, फिजिक्स आणि जेनेटिक्स एकाच सेमिस्टरमध्ये घेऊन शौर्य दाखवण्याचं मात्र कारण नाही.

आजारी माणसांजवळ

या चार वर्षांत खरं शोधायचं असतं ते एकच. आजारी, घाबरलेल्या, चिडलेल्या, कधी वास येणाऱ्या, कधी बोलू न शकणाऱ्या माणसाजवळ रोज जायला तुम्हाला आवडेल का? विज्ञान आवडणं वेगळं. ज्यांना फक्त विज्ञान आवडतं त्यांच्यासाठी संशोधनाची उत्तम आयुष्यं उभी आहेत. पण रुग्णाजवळ उभं राहणं जमतं का, हे पुस्तकातून कळत नाही आणि आईबाबा डॉक्टर आहेत म्हणूनही कळत नाही. तुम्ही स्वतः जाऊन बघायला हवं, आणि ते पहिल्या वर्षापासून, कारण उत्तर ‘नाही’ आलं तर ते लवकर आलेलं बरं.

सुरुवात शॅडोइंगने होते. डॉक्टरच्या मागे मागे राहायचं, बघायचं, गप्प बसायचं. वेगवेगळ्या शाखांचे दोन-तीन डॉक्टर निवडा, त्यात एक तरी फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनचा असू द्या. फक्त हृदयशस्त्रक्रिया पाहिलेल्या मुलाला डॉक्टरचा साधा मंगळवार कसा जातो हे माहीत नसतं. मराठी मंडळातल्या ओळखीच्या काकांच्या क्लिनिकमध्ये जायला काहीच हरकत नाही, दार उघडायला ओळख लागतेच. पण सगळं शॅडोइंग काकांकडेच आणि शिफारसपत्रही काकांचंच, असं झालं तर त्या पत्राला वजन राहत नाही. तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा माणूस तुमच्याबद्दल चांगलंच लिहिणार, हे समितीलाही कळतं.

शॅडोइंगमध्ये आपण प्रेक्षक असतो. त्याहून मोलाचं काम ते, ज्यात रुग्णाला तुमचा काही उपयोग होतो. हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून खुर्ची ढकलणं, हॉस्पिसमध्ये शेवटच्या आठवड्यांत असलेल्या माणसाजवळ बसणं, नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करून आंघोळ घालायला आणि कूस बदलायला शिकणं, ईएमटीचं प्रशिक्षण घेऊन अँब्युलन्सवर जाणं, किंवा स्क्राइब म्हणून डॉक्टरच्या शेजारी बसून नोंदी टिपणं. यातलं कुठलं ‘वर’ आणि कुठलं ‘खाली’ अशी क्रमवारी लावू नका. माझं मत विचाराल तर नर्सिंग असिस्टंटचं आणि हॉस्पिसचं काम सर्वांत जास्त शिकवतं, आणि आपल्या घरांतून त्याकडेच सर्वांत कमी मुलं जातात. आजीची सेवा करणारी आई ज्यांनी पाहिली आहे त्यांनी त्या कामात कमीपणा मानू नये.

तास किती हवेत, असं सगळे विचारतात. अधिकृत आकडा कुठेच नाही. एका उन्हाळ्यात दोनशे तास भरून मोकळं होण्यापेक्षा दर शनिवारी चार तास दोन वर्षं जाणं समितीला जास्त सांगतं, आणि तुम्हालाही. त्याच वॉर्डात परत परत गेलात तरच नर्सेस तुम्हाला काही सोपवू लागतात. घरी येऊन रोज चार ओळी लिहून ठेवा, रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही न लिहिता. आज काय पाहिलं, कशाने अस्वस्थ झालात, कोणत्या डॉक्टरचं बोलणं आवडलं आणि का. तीन वर्षांनी निबंध लिहायला बसाल तेव्हा या वहीशिवाय हाताला काही लागत नाही.

मराठी येणं इथे उपयोगाचं आहे. मुलांकडे राहायला आलेले, इंग्रजीत दुखणं सांगता न येणारे आजीआजोबा न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या दवाखान्यांत असतात. ॲमकॅसच्या अर्जात तुम्हाला येणाऱ्या भाषा आणि त्या किती येतात, हे लिहायला वेगळी जागा असते. मात्र नुसतं मराठी येतं म्हणून डॉक्टर आणि रुग्णाच्या मध्ये उभं राहू नका. औषधाचा डोस चुकीचा सांगितला गेला तर जिवावर बेतू शकतं. वैद्यकीय दुभाष्यांसाठी साधारण ४० तासांचं प्रशिक्षण असतं, ते घ्या. आणि मराठी खरोखर सुधारा. घरात ‘जेवायला ये’ कळणं आणि ‘पोटात कळ येतेय, मळमळतंय, तोंडाला चव नाही’ यांतला फरक ओळखणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

उन्हाळ्यात भारतात जाणाऱ्यांशी मला थोडं कडक बोलायचं आहे. नाशिकला किंवा सांगलीला मामांचं हॉस्पिटल असतं, आणि प्रेमापोटी भाच्याला तिथे सगळं करू दिलं जातं: टाके घालायला, इंजेक्शन द्यायला, बाळंतपणात मदत करायला. अमेरिकेत जे करायची परवानगी नाही ते भारतातल्या गरीब रुग्णावर करणं अनैतिक आहे. ते अर्जात अभिमानाने लिहिलं तर समिती तिथेच थांबते. परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल एएएमसीने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तिकीट काढण्याआधी त्या वाचा. बघायला आणि शिकायला मात्र महाराष्ट्रात खूप आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. फारशी शाळा न शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करून काय साधता येतं, हे तिथे कळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्यावरचं संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याचा परिणाम भारताच्या धोरणावर झाला. ते संशोधन मिळवून वाचा. एका जिल्ह्यात बाळं का दगावतात, याचा इतका चिकाटीचा शोध वाचून संशोधन म्हणजे काय ते कुठल्याही व्याख्यानाहून लवकर समजतं.

संशोधनाची सक्ती नाही. संशोधनावर भर देणाऱ्या मोठ्या स्कूलमध्ये जायचं असेल तर ते हवंच. एमडी-पीएचडी करायचं असेल तर वर्षानुवर्षांचं हवं. बाकीच्यांनी आवड असेल तरच करावं. शोधनिबंधावर नाव येण्यासाठी तीन प्रयोगशाळा बदलण्यापेक्षा एका प्रश्नावर दीड-दोन वर्षं राहा, आणि तो प्रश्न काय आहे ते आजीला समजेल असं सांगता येऊ द्या.

एमकॅट

एमकॅट ही मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा. तिलाच इथली ‘नीट’ समजून वर्षभर क्लास लावणारी घरं मी पाहिली आहेत. परीक्षा महत्त्वाची आहेच, पण तिचा स्वभाव वेगळा आहे. सध्याचं स्वरूप २०१५ पासूनचं. चार विभाग, एकूण २३० प्रश्न, मधल्या सुट्ट्या धरून सुमारे साडेसात तास. कॅल्क्युलेटर मिळत नाही, म्हणून लॉग आणि घातांकांची अंदाजे आकडेमोड हाताने करायची सवय हवी. प्रत्येक विभागाचे गुण ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ५११-५१२ च्या आसपास आहे. परीक्षा एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. गुण न लावता रद्द केलेला प्रयत्नही त्यात मोजला जातो, आणि आधीचे सगळे गुण स्कूलना दिसतात. त्यामुळे ‘एकदा देऊन बघू’ हा विचार सोडून द्या.

तयारीला साधारण तीनशे तास लागतात असं धरून चला. बायोकेमिस्ट्री, फिजिक्स आणि मानसशास्त्राचे कोर्स संपल्यावरच बसा. वर्गात नीट शिकलेलं पुन्हा आठवायला वेळ कमी लागतो. एएएमसीच्या स्वतःच्या सराव परीक्षा शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा, कारण खऱ्या परीक्षेच्या सर्वांत जवळ त्याच आहेत. त्या पूर्ण वेळ लावून, सकाळी, मोबाईल बाहेर ठेवून सोडवा. खान अकॅडमीची फुकट व्हिडिओमालिका पाया पक्का करायला पुरेशी आहे. महागड्या क्लासची गरज ज्यांना स्वतःचं वेळापत्रक पाळता येत नाही त्यांनाच.

चारांपैकी कार्स हा विभाग सगळ्यांना छळतो. ९० मिनिटांत ५३ प्रश्न, आणि उतारे कलेवर, इतिहासावर, तत्त्वज्ञानावर, अर्थकारणावर. बाहेरचं ज्ञान लागत नाही. लेखक काय म्हणतोय आणि का म्हणतोय एवढंच पकडायचं. तीन महिन्यांच्या घोकंपट्टीने हे येत नाही. पहिल्या वर्षापासून आठवड्याला दोन-तीन मोठे, कठीण निबंध वाचायचे आणि प्रत्येकाचा मुद्दा दोन वाक्यांत लिहायचा, हीच तयारी. चांगलं साहित्य, अगदी आईबाबांच्या कपाटातल्या मराठी पुस्तकांसह, सावकाश वाचणाऱ्या मुलांना इथे फायदा होतो.

अर्जाचं वर्ष

वेळेचं गणित आधी समजून घ्या. पदवीनंतर लगेच मेडिकल स्कूलमध्ये जायचं असेल तर तिसरं वर्ष संपताच, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला अर्ज सादर करावा लागतो. म्हणजे समितीसमोर तुमची तीनच वर्षं जातात आणि एमकॅट त्याच वसंत ऋतूपर्यंत उरकावी लागते. हे सगळं सावकाश बसत नसेल तर एक गॅप इयर घ्या. आज मेडिकल स्कूलमध्ये दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेले असतात. आईबाबांनो, हे वाया गेलेलं वर्ष नव्हे. नातेवाइकांना काय सांगायचं, ही काळजी बाजूला ठेवा. स्क्राइब किंवा संशोधन सहायक म्हणून काम केलेला बावीस-तेवीस वर्षांचा अर्जदार मुलाखतीत वेगळाच दिसतो.

अर्ज लवकर भरणं फार महत्त्वाचं, कारण बहुतेक स्कूल आलेल्या क्रमाने अर्ज वाचत आणि जागा देत जातात. कागदपत्रं पडताळायलाच काही आठवडे जातात. जूनअखेरीस अर्ज स्कूलकडे पोचू लागतात. मग जुलैत सेकंडरी, म्हणजे प्रत्येक स्कूलचे स्वतःचे निबंध, एकदम येऊन कोसळतात. ते दोन आठवड्यांत परत जावेत. ‘आमचंच स्कूल का?’ हा प्रश्न सगळीकडे असतो, त्याचं उत्तर त्या स्कूलच्या गावात जाऊन, तिथल्या क्लिनिकबद्दल वाचून लिहा. टेक्सासची अर्जपद्धत वेगळी आहे, टीएमडीएसएएस नावाची, आणि तिथल्या सरकारी स्कूलना नव्वद टक्के जागा टेक्सासच्याच रहिवाशांना द्याव्या लागतात. बहुतेक राज्यांची सरकारी स्कूल आपल्याच मुलांना झुकतं माप देतात. म्हणून यादीत आधी स्वतःच्या राज्याची स्कूल घाला, मग नावाजलेली.

अर्जात १५ उपक्रम लिहायची जागा असते. पंधराही भरलेच पाहिजेत असं नाही. भरतनाट्यमचा अरंगेत्रम, ढोल-ताशा पथक, गणेशोत्सवाचं स्वयंपाकघर सांभाळणं हे लिहायला संकोचू नका, पण त्यात तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा. वैयक्तिक निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात मोकळ्या जागाही धरतात. त्यात उत्तर द्यायचं असतं ते डॉक्टरच का, याचं. ‘मला लोकांची मदत करायची आहे’ हे उत्तर शिक्षक, नर्स, अग्निशामक दलातला जवान सगळेच देऊ शकतात. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाई जोशींनी बंगालमधल्या श्रीरामपूरला जाहीर भाषण केलं आणि आपण हा निर्णय का घेतला ते लोकांसमोर ठेवलं. भारतातल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे आणि ती भागवणारं कोणी नाही, हे त्यांचं कारण होतं. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून पदवीधर झाल्या. त्यांचं कारण त्यांनी जगलेल्या दुःखातून आलं होतं. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांतच गेलं होतं. तुमचं कारण इतकं मोठं असायची गरज नाही. पण ते तुमचंच असावं, आणि वर सांगितलेल्या वहीतून निघालेलं असावं. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेतलात तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तो हातातून सुटतो.

शिफारसपत्रं सहसा विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची, विज्ञानाबाहेरच्या एकाची, आणि ज्याने तुमचं काम पाहिलंय अशा कोणाची तरी. पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडलात तरच ते विश्वासार्ह मानलं जातं. मुलाखती काही ठिकाणी साध्या गप्पांच्या असतात, तर काही ठिकाणी एमएमआय पद्धतीच्या. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झाली. छोट्या छोट्या प्रसंगांवर काही मिनिटांत विचार मांडायचा. मित्रांसोबत मोठ्याने सराव करा. आपली मुलं वादात हुशार असतात, पण समोरच्याचं ऐकून घेण्यात कच्ची पडतात, आणि एमएमआयमध्ये नेमकं तेच तपासलं जातं.

व्हिसा आणि पैसा

एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांच्या घरी हा विषय पहिल्याच वर्षी बोलून घ्या. २१ वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावरचा आधार संपतो आणि बहुतेकांना एफ-१ वर जावं लागतं. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे हे सांगायला नको. अमेरिकेतली बहुतेक एमडी स्कूल नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. परदेशी विद्यार्थी घेणारी स्कूल मोजकी आहेत आणि त्यातली काही सगळ्या वर्षांची फी आगाऊ दाखवायला सांगतात. कोणती स्कूल घेतात ते एमएसएआरमध्ये दिलेलं असतं. शिवाय एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे स्क्राइबच्या नोकरीऐवजी स्वयंसेवेचे मार्ग शोधावे लागतात. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी कॉलेजची आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची कचेरी आणि गरज वाटली तर इमिग्रेशन वकील यांना विचारा. तिसऱ्या वर्षी हे कळून कोसळलेली हुशार मुलं आहेत. त्यांच्यात काहीच कमी नव्हतं, कमी होती ती माहिती.

सरकारी स्कूलमध्येही चार वर्षांचा राहण्याखाण्यासह खर्च सहसा अडीच लाख डॉलरच्या पुढे जातो, खाजगीत तो बराच जास्त. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी ग्रॅड प्लस कर्ज बंद होत आहे, आणि वैद्यकीय विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच सरकारी कर्ज मिळणार आहे. उरलेला खर्च खाजगी कर्जाने भागवायचा तर व्याज आणि जामीनदार दोन्ही पाहावे लागतील. न्यूयॉर्कमधल्या एनवायूने २०१८ मध्ये आणि अल्बर्ट आइन्स्टाइन स्कूलने २०२४ मध्ये फी माफ केली, पण तिथे स्पर्धा तशीच तीव्र आहे. उत्पन्न कमी असेल तर एमकॅट आणि ॲमकॅसच्या फीसाठी एएएमसीची मदत योजना आहे. तिचा अर्ज एमकॅटची नोंदणी करण्याआधी भरावा.

डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक स्कूलचं नाव काढलं की आपल्या घरांमध्ये नाक मुरडलं जातं. ते चुकीचं आहे. ऑस्टिओपॅथिक पदवीधर अमेरिकेत सर्व राज्यांत पूर्ण डॉक्टर म्हणून काम करतात, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची व्यवस्था एमडी आणि डीओ दोघांसाठी एकच आहे. एमडी आणि डीओच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना रेसिडेन्सी मिळते. बाहेरच्या देशांत शिकून परतणाऱ्या अमेरिकन नागरिकांत हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश आहे. कॅरिबियन स्कूलची जाहिरात वाचताना किंवा भारतात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करून परत यायचं ठरवताना हा फरक समोर ठेवा.

पहिल्या वर्षी कुठेच जमलं नाही तर तोच अर्ज घाईने पुन्हा पाठवू नका. ज्या स्कूलनी नकार दिला त्यांतली काही विचारल्यावर कुठे कमी पडलं ते सांगतात, त्यांना नम्रपणे फोन करा. जीपीए अडत असेल तर पदवीनंतरचे पोस्ट-बॅक कोर्स किंवा एक वर्षाची स्पेशल मास्टर्स. एमकॅट अडत असेल तर आधीच्या तयारीत काय चुकलं ते शोधून, पद्धत बदलून पुन्हा परीक्षा. रुग्णसेवेचा अनुभव कमी असेल तर पूर्ण वर्ष त्यालाच. आणि या सगळ्यात एखाद्या संध्याकाळी वॉर्डातून परतताना तुम्हाला जाणवलं की हे आपलं नव्हे, तर घरी तसं सांगा. फिजिशियन असिस्टंट, फार्मसी, सार्वजनिक आरोग्य, जेनेटिक काउन्सेलिंग, प्रयोगशाळेतलं संशोधन, यांतल्या बहुतेक वाटांना हेच कोर्स आणि हेच तास चालतात, आणि त्यांच्या अर्जांच्या तारखा तुमच्या कॉलेजच्या आरोग्यविषयक सल्ला केंद्रात मिळतात.